झिजलेल्या हाताची नुकसानभरपाई



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आपण ऐकावे, अशी रीत आहे. आम्ही विद्वान नाही. आमचे शिक्षण पाळी सुटल्यावर युनियनच्या कचेरीतल्या बाकावर झाले. एकाने कायद्याचे पुस्तक वाचायचे, दुसऱ्याने अडलेला शब्द कोशात शोधायचा आणि तिसऱ्याने त्या कलमाचा अर्थ आपल्या खात्यातल्या उदाहरणाने सांगायचा, अशी ती शाळा होती. तेव्हा भाषेत काही उणे राहिले तर ते पदरात घ्यावे. विषय मात्र आम्ही पूर्ण भरवशाने मांडणार आहोत, कारण तो आमच्या कचेरीच्या पायऱ्या रोज चढून येतो.

कारखान्यात बोट तुटले तर कायद्याला ते दिसते. १९२३ साली आपल्या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याच्या पहिल्या परिशिष्टात अवयवांचे एक कोष्टक आहे. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे धरावे, तर्जनी गेली तर १४ टक्के, मधले बोट १२ टक्के, अनामिका किंवा करंगळी ७ टक्के. वाचताना अंगावर काटा येतो. परंतु या रुक्ष कोष्टकाचे उपकार मोठे आहेत. ते होण्यापूर्वी तुटलेल्या बोटाची किंमत मालकाच्या दयेवर ठरत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, तरी ही मांडणी कायम आहे.

आता दुसरा हात पाहा. या हाताची पाचही बोटे जागच्या जागी आहेत. कातडीवर ओरखडा नाही. पण हा हात पाण्याने भरलेला तांब्या उचलू शकत नाही, सदऱ्याची गुंडी लावू शकत नाही, आणि रात्री दोन वाजता मुंग्यांनी पेटून उठतो. हा हातही कारखान्यातच गेला. फरक इतकाच, की तो एका क्षणात गेला नाही. तो रोज थोडा थोडा गेला. या हाताला त्या कोष्टकापर्यंत पोचण्याची वाटच नाही. ही वाट का नाही, ती कशी पाडता येईल आणि तोवर आपण काय करावे, एवढेच आज सांगायचे आहे.

प्रथम हे दुखणे म्हणजे काय ते पाहू. आपण मूठ वळतो तेव्हा बोटे ओढणारे स्नायू कोपराजवळ असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटातून बोटांत उतरतात. या दोऱ्यांना वैद्यकात कंडरा म्हणतात. मनगटाच्या तळाशी हाडांची कमान आणि वर चिवट पट्टा, अशा अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. तेच वळण, तोच झटका दिवसभर पडत राहिला की कंडरांवरच्या आवरणाला सूज येते. बोगदा हाडांचा, तो रुंदावत नाही. मग चेपला जातो तो मज्जातंतू. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होते आणि करंगळी मात्र शाबूत राहते. आमचे कामगार याला ‘शीर दबली’ म्हणतात. डॉक्टर त्याला कार्पल टनेलचा विकार म्हणतात. अंगठ्याच्या मुळाशी, कोपराच्या बाहेरच्या हाडाशी किंवा खांद्यात अशीच दुखणी होतात. त्यांची नावे निराळी, कूळ एकच.

हे दुखणे संगणकाबरोबर जन्माला आले, असा एक समज आहे. तो खरा नाही. रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि १७१३ च्या आवृत्तीत त्यात लेखनिकांची भर घातली. त्यांच्या दुखण्याची त्याने तीन कारणे दिली: सतत बैठक, हाताची एकसारखी हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. त्याच्या ओळखीच्या एका दस्तलेखकाचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला. त्या गृहस्थाने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला, तर काही काळाने तोही तसाच झाला. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तुझा धंदा काय’ हेही विचारावे, असा या वैद्याचा उपदेश होता. तीनशे वर्षे झाली. आमच्या कामगारांना दवाखान्यात हा प्रश्न अजून क्वचितच विचारला जातो.

कोणी म्हणेल, ही जुनी वैद्यकी झाली, पुरावा दाखवा. १९८७ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी कारखान्यांतील ६५२ कामगारांचे हात तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या कामाचा फेरा ३० सेकंदांच्या आत संपतो आणि पुन्हा सुरू होतो, किंवा ज्यात अर्ध्याहून अधिक वेळ तीच हालचाल चालते, ते अति पुनरावृत्तीचे काम असे त्यांनी धरले. अशा कामात जोरही लावावा लागत असेल, तर हलक्या आणि सावकाश कामाच्या तुलनेत मनगटाच्या या विकाराचा संभव पंधरा पटींहून अधिक आढळला.

तीस सेकंद म्हणजे किती, याचा हिशेब करून पाहा. आठ तासांच्या पाळीतून जेवणाची अर्धी तास सुट्टी वजा केली तर साडेसात तास, म्हणजे २७,००० सेकंद उरतात. तीस सेकंदांना एक नग धरला तर ९०० नग. एका नगाला मनगटाचे बारा वळसे पडत असतील, तर दिवसाला १०,८०० वळसे. पाळी लांबली, वर चार तास काढायला लावले, तर आणखी ५,७६० वळसे. यांतला एकही वळसा इजा करीत नाही. सगळे मिळून करतात.

नेमके येथेच कायदा थबकतो. भरपाईचा कायदा ‘अपघात’ या शब्दावर उभा आहे. कामाच्या ओघात आणि कामामुळे घडलेल्या अपघाताने इजा झाली पाहिजे. अपघात म्हटला की तारीख आली, वेळ आली, यंत्र आले, साक्षीदार आला. इंग्लंडच्या न्यायालयांतून आलेल्या या शब्दाचा अर्थ तेथेच पुष्कळ घासूनपुसून झाला आहे. १९०३ साली एक कामगार यंत्राचे चाक जोर लावून फिरवीत असता त्याचे आतडे उतरले. बाहेरून काहीच आदळले नव्हते, तरी उमरावांच्या सभेने त्याला अपघात मानले. पण १९४८ साली पाटीच्या खाणीतल्या कामगाराचे फुप्फुस दगडाच्या धुळीने वर्षानुवर्षे निकामी झाले, तेव्हा त्याच सभेने म्हटले की हा अपघात नव्हे, ही प्रक्रिया होय. म्हणजे माणूस एका दिवसात मोडला तर तो अपघात, आणि वीस वर्षांत मोडला तर ती प्रक्रिया!

आपल्या खेड्यांत जुन्या विहिरीच्या काठचा दगड आपण पाहिला असेल. दोर ओढून ओढून त्याला बोटभर खोल खाच पडलेली असते. ती कोणत्या वारी पडली, असे कोणी विचारीत नाही. आणि तारीख सांगता येत नाही म्हणून खाच पडलीच नाही, असेही कोणी म्हणत नाही. कामगाराच्या मनगटाला मात्र हा प्रश्न विचारला जातो, आणि उत्तर नाही म्हणून दावा बाजूला ठेवला जातो.

कायदा करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. म्हणून त्यांनी एक दुसरे दार ठेवले: व्यावसायिक रोगांची यादी. १९२३ च्या कायद्याचे तिसरे परिशिष्ट ते हेच. यादीतला रोग, त्यापुढे नेमून दिलेल्या कामात झाला, तर तो अपघाताने झालेल्या इजेसारखाच मानायचा. तारखेची गाठही त्यांनीच सोडवून ठेवली आहे. अशा रोगामुळे कामगार ज्या दिवसापासून सलग गैरहजर राहू लागला, तो पहिला दिवस अपघाताची तारीख समजावी, अशी तरतूद त्या कायद्यात होती. म्हणजे झिजेला तारीख देता येत नाही, हे म्हणणे टिकत नाही. शिसे, पारा, सुती धूळ आणि यंत्रांच्या आवाजाने आलेले बहिरेपण यांना कायद्याने तारीख दिली आहे. बहिरेपण काय एका दिवसात येते?

या यादीत आवाजाने गेलेल्या कानाला जागा आहे, धुळीने भरलेल्या छातीला जागा आहे. श्रमाच्या पुनरावृत्तीने गेलेल्या हाताला जागा नाही. नव्या संहितेनेही अपघात आणि यादी हीच चौकट पुढे चालवली आहे. यादीबाहेरचा रोग असेल, तर तो विशिष्ट अपघाताच्या इजेतूनच आला असे दाखवावे लागते. फिरून आपण तारखेपाशी येतो.

जगात असे इतरत्र आहे काय? ब्रिटनमध्ये तारयंत्रावर काम करणाऱ्यांच्या हाताला येणारा गोळा १९०८ सालीच भरपाईच्या यादीत घेतला गेला. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २००२ साली १९४ क्रमांकाच्या शिफारशीसोबत व्यावसायिक रोगांची यादी दिली आणि २०१० साली ती सुधारली. तीत स्नायू व हाडांच्या विकारांचा स्वतंत्र वर्ग आहे. मनगटाच्या कंडरांची जुनाट सूज, अंगठ्याच्या मुळाची सूज, कोपराचे दुखणे, कार्पल टनेलचा विकार ही सारी नावे तीत छापलेली आहेत. भारत त्या संघटनेचा १९१९ पासूनचा, स्थापनेपासूनचा सभासद आहे. तेव्हा आम्ही काही जगावेगळे मागत नाही.

विरुद्ध बाजूही ऐकली पाहिजे, आणि ती दुबळी नाही. ऑस्ट्रेलियात १९८१ ते १९८५ या काळात तेथील टेलिफोन खात्यात सुमारे चार हजार कर्मचाऱ्यांनी हात, मान, खांदा यांच्या दुखण्याची नोंद केली. पुढे ही लाट ओसरली. तेव्हा काही डॉक्टर म्हणाले, हा रोग हातात नसून मनात आणि भरपाईच्या आशेत आहे. त्यांनी बोट ठेवले ते एका खऱ्या विसंगतीवर. तारखात्यातले लोक दिवसभर कळा बडवीत, तरी त्यांच्यात तक्रारी कमी. टेलिफोन जोडणाऱ्या बायका त्यामानाने कळा कमी दाबत, तरी त्यांच्यात तक्रारी कितीतरी अधिक. १९९३ साली लंडनच्या एका न्यायाधीशाने तर ‘पुनरावृत्तीच्या ताणाची इजा’ या नावाला वैद्यकाच्या पुस्तकात स्थान नाही, असाच निर्वाळा दिला.

यावर आमचे उत्तर असे. कळा किती दाबल्या, एवढ्यानेच इजा ठरत नाही, हे आम्हीही म्हणतो. हात कोणत्या कोनात होता, बैठक कशी होती, मध्ये थांबण्याची मुभा होती काय, मागे कोणी घड्याळ घेऊन उभे होते काय, हे सारे त्यात येते. रामाझ्झिनीने मनाचा ताण उगीच जोडला नव्हता. दुसरे असे की, ‘ताणाची इजा’ हे सैल नाव आहे, हे मान्य करू. पण कार्पल टनेलचा विकार सैल नाही. मज्जातंतूतून विजेचा संदेश किती वेगाने जातो हे यंत्रावर मोजता येते. तेव्हा सैल नाव सोडा आणि श्रमसंघटनेच्या यादीतली नेमकी नावे घ्या. खोटे दुखणेकरी निघतील ही भीती पुढे करून खऱ्या दुखणेकऱ्यांना परत पाठवणे, हा न्याय नव्हे.

आणखी एक आक्षेप आम्हाला समोरासमोर ऐकावा लागतो, आणि तो बहुतेक बायकांच्या वाट्याला येतो. “बाई घरी धुणे धुते, भांडी घासते, भाकरी थापते; मनगट त्यानेच दुखते.” आमच्या एका सभासद भगिनीची हकीगत सांगतो. मोटारीच्या तारांचे जुडगे बांधून देणाऱ्या एका कारखान्यात ती कंत्राटदाराकडून कामाला होती. फळीवर तारा मांडायच्या आणि चिकटपट्टीने आवळून गुंडाळायच्या, हे तिचे काम. पाचव्या वर्षी बोटे बधिर होऊ लागली. विमा दवाखान्याने मनगटदुखी लिहून सात दिवसांची विश्रांती दिली. ती परतली ती त्याच फळीवर. असे तीनदा झाले. तिसऱ्या खेपेला कंत्राटदार म्हणाला, “ताई, उद्यापासून येऊ नका.” आम्ही कागद तयार करायला बसलो, तर अर्जातला पहिलाच रकाना अपघाताच्या तारखेचा आणि वेळेचा. ती बराच वेळ त्या रकान्याकडे पाहत राहिली, मग म्हणाली, “दादा, पाच वर्षं लिहू का?” आज तिच्या घरी पीठ मळून द्यायला शेजारीण येते.

घरकामाच्या आक्षेपाचे उत्तर तिच्याच हजेरीपत्रकात होते. साप्ताहिक सुट्टीला घरचे काम दुप्पट असते. तरी त्या दिवशी तिच्या मुंग्या कमी होत. दिवाळीच्या सुट्टीत तिला पूर्ण झोप लागे. पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून दुखणे पुन्हा चढे. धुण्याभांड्यांनी मनगट जात असते, तर ते रविवारी अधिक दुखले असते.

शब्दाचा हा फरक पैशात किती पडतो, तेही सांगतो. राज्य कामगार विमा योजनेत साध्या आजारपणाचा भत्ता वेतनाच्या ७० टक्के, आणि तोही वर्षात ९१ दिवसांपर्यंत. कामातली इजा ठरली तर तात्पुरत्या असमर्थतेचा भत्ता ९० टक्के, आणि असमर्थता असेपर्यंत. कायमचे अधूपण राहिले तर पुढे मासिक रक्कम. तोच हात, तीच वेदना. कागदावर ‘आजार’ लिहिले की एक वाट, ‘इजा’ लिहिले की दुसरी. आणि महिना २१,००० रुपयांच्या वेतनमर्यादेपलीकडचा, किंवा सोलापुरात घरी बसून हजाराच्या हिशेबाने विड्या वळणारी बाई, ज्यांचे नावच कुठल्या हजेरीपटावर नीट नाही, त्यांची गोष्ट याहून बिकट.

मग उपाय काय? पहिला उपाय सरकारच्या हाती आहे, आणि त्याला नवा कायदा लागत नाही. परिशिष्टातल्या यादीत भर घालण्याचा अधिकार १९२३ च्या कायद्याने केंद्राबरोबर राज्य सरकारलाही दिला होता, आणि नव्या संहितेतही तो आहे. किमान तीन महिन्यांची सूचना राजपत्रात द्यायची आणि मग अधिसूचना काढायची. आमची मागणी अशी, की महाराष्ट्र सरकारने श्रमसंघटनेच्या यादीतली मनगट, कोपर व अंगठ्याची नेमकी दुखणी, आणि ती ज्या कामांत होतात ती कामे, या यादीत घालावीत. जुडगे बांधणे, शिलाई, जुळणीचा पट्टा, मालाची बांधणी, दिवसभराचे टंकलेखन, विडी वळणे. सुरुवात एवढ्यांनी करा.

दुसरा उपाय मूल्यमापनाचा. नुसत्या हाताकडे पाहून टक्के ठरवू नयेत. त्या हाताने कोणते काम होत होते ते पाहावे. याला सर्वोच्च न्यायालयाचा आधार आहे. १९७५ साली एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची शक्ती पूर्ण गेली, असे न्यायालयाने मानले. चिकटपट्टी आवळणाऱ्या मनगटालाही हाच न्याय लावा.

मालकवर्ग म्हणेल, हे परवडणार नाही. आम्ही म्हणतो, झीज फुकट असते तोवरच ती परवडते. दाबयंत्रापुढे बोटाला किंमत आली, तेव्हा जाळी बसवणे स्वस्त वाटू लागले. मनगटाला किंमत आली, की फळीची उंची बदलेल, दर दोन तासांनी काम पालटेल, तासाला पाच मिनिटे हात मोकळे होतील. भरपाईचा खरा हेतू भरपाई द्यावीच लागू नये, हा आहे. विश्रांतीने उत्पादन बुडते ही ओरडही नवी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली तेव्हाही ती झाली होती. १० जून १८९० रोजी सुट्टी मिळाली, आणि गिरण्या त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालल्या.

तिसरा उपाय आपल्याच हातात आहे, आणि तो उद्यापासून करण्यासारखा आहे. येथे बसलेल्या कामगारांनी आणि कचेरीत कळफलकावर दिवस काढणाऱ्या मंडळींनी एक शंभर पानी वही करावी. कोणत्या दिवशी किती तास काम, किती नग, कोणते बोट बधिर, रात्री जाग आली काय, सुट्टीत उतार पडला काय, एवढेच रोज एका ओळीत लिहावे. दवाखान्यात गेल्यावर न विचारताही आपले काम काय ते सांगावे आणि केसपेपरवर ते लिहून घ्यावे. गैरहजेरीचा पहिला दिवस खुणेने जपावा. तक्रार तोंडी करू नये. लेखी करावी आणि पोच घ्यावी. आमच्या कचेरीत अशा वह्या जमू लागल्या आहेत. एका वहीला कोणी विचारणार नाही. कपाट भरले म्हणजे ती मागणीची जोडपत्रे होतील. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण झिजेला लागू पडते तशी पुराव्यालाही पडते.

श्रोत्यांत डॉक्टर असतील, त्यांना आमची एकच विनंती. मनगट दुखते म्हणून कोणी आला, तर त्याचा धंदा विचारा आणि तो लिहा. वकील असतील, त्यांनी यादीबाहेरचा म्हणून दावा परत पाठवू नये. तो लढवून नोंदीवर आणावा. नोंदी झाल्याशिवाय अधिसूचना निघत नाहीत. आणि जे कोणी नाहीत, नुसते गिऱ्हाईक आहेत, त्यांनी मोटारीत किल्ली फिरवताना, शिवलेला कपडा अंगावर चढवताना, एवढे ध्यानात ठेवावे की ही वस्तू कोणाच्या तरी मनगटाच्या काही वळशांनी झाली आहे. त्या वळशांची मजुरी दिली गेली असेल. त्या मनगटाची किंमत अजून द्यायची आहे.

 सभा संपल्यावर दाराशी आमचे दोन सोबती मागणीपत्र घेऊन उभे आहेत. ज्यांना पटले असेल त्यांनी सही करावी, आणि ज्यांचा हात सही करताना थरथरतो त्यांनी आपले नाव आणि काम आम्हाला सांगावे. आम्ही लिहून घेऊ.